पोर्क पायचा पायगुण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुटीच्या दिवशी मी इंग्लंडमध्ये मोटर रेसिंगचा मार्शल म्हणून ट्रॅकच्या कडेला उभा असतो. पुण्यातल्या मित्रांच्या ग्रुपवर एकदा सहज लिहून गेलो, "आज कुणीतरी पोर्क पाय उघडला आणि दोन मिनिटांत तीन गाड्या ट्रॅकबाहेर खडीत." तेव्हापासून तेच ते प्रश्न येतायत. प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन दमलो, म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून टाकतो.

पोर्क पाय म्हणजे डुकराचा पाय का?

नाही. म्हणजे तसा हो.

इंग्रजांचा पाय म्हणजे सारण भरून भाजलेला, जाड पारीचा डबा. पोर्क पायची पारी करताना डुकराची चरबी गरम पाण्यात वितळवतात आणि ते पाणी मैद्यात ओततात. गरम असतानाच पीठ हाताने उभं करून त्याची वाटी बनवायची, आत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, मीठ आणि पांढरी मिरी भरायची, वर झाकण ठेवून कडेने मुरड घालायची. मुरड अगदी करंजीची, आमच्या आजीने पास केली असती. भाजून गार झाला की झाकणाच्या मधल्या भोकातून आत रस्सा ओततात. तो थिजून त्याची जेली होते आणि मांस व पारी यांच्यातली पोकळी भरून निघते. हा रस्सा पारंपरिक पद्धतीत डुकराची हाडं आणि खूर उकळून काढतात. तेव्हा पायात पाय असतोच.

खातात थंडच. सोबत झणझणीत इंग्लिश मोहरी किंवा लोणच्यातला कांदा. पहिल्यांदा खाताना जेली दाताखाली आली तेव्हा मला वाटलं काहीतरी बिघडलंय. तिसऱ्या वेळी जेली कमी आहे म्हणून मीच कुरकुर केली.

मार्शल म्हणजे नक्की कोण? पगार किती?

पगार शून्य. शर्यतीत झेंडे दाखवणारे, खडीत रुतलेल्या गाडीकडे धावणारे, आग विझवणारे, सांडलेल्या तेलावर सिमेंटची पूड टाकून झाडू मारणारे, पिटमध्ये आणि स्टार्टच्या रेषेवर उभे राहणारे, हे सगळे मार्शल. ब्रिटनमध्ये हे काम स्वयंसेवक करतात. क्लबच्या साध्या शर्यतीपासून सिल्व्हरस्टोनच्या ग्रां प्रीपर्यंत तीच माणसं. सोमवारी कुणी शिक्षक असतो, कुणी प्लंबर, कुणी निवृत्त परिचारिका. अंगात नारिंगी ओव्हरऑल, म्हणून लोक 'ऑरेंज आर्मी' म्हणतात. आईला फोटो पाठवला तेव्हा तिने विचारलं, "अरे, तिथे रस्त्याच्या कामावर लागलास का?" मी म्हटलं, शनिवार-रविवारपुरता. आणि त्यात फारसं खोटंही नव्हतं. त्या दिवशी मी एकूण चार वेळा खडी झाडली होती.

अंधश्रद्धा नेमकी काय आहे?

पोस्टवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या मार्शलांच्या चौकीवर, पोर्क पाय कापला, की त्याच पोस्टसमोर गाडी ट्रॅक सोडते.

मूळ नियम एवढाच. बाकी पोटनियम. मी उभा राहिलोय त्या पोस्टांवर जे ऐकलं तेच सांगतो. दुसऱ्या ट्रॅकवर दुसरे पोटनियम असतील, नाहीतर पायऐवजी तिथे थर्मासला दोष देत असतील. आमच्याकडे अखंड पाय पिशवीत असेल तर धोका नाही. कागद सोडला की पिवळा झेंडा समजायचा (पिवळा म्हणजे पुढे धोका, दोन पिवळे म्हणजे मोठा धोका, लाल म्हणजे शर्यत बंद). सुरी लागली की दोन पिवळे. पहिला घास तोंडात असताना कुणी "आज सकाळपासून कसं निवांत आहे ना" असं म्हणालं तर थेट लाल.

शिवाय नुकसान पायच्या आकारावर ठरतं, असं मानणारा एक पंथ आहे. मुठीएवढ्या पायला एखादी गाडी गिरकी घेऊन परत मार्गाला लागते. सहा जणांत वाटायचा मोठा पाय काढला तर क्रेनवाल्याला आधीच उठवून ठेवा.

हे खरंच कुणी मानतं का?

मानत कुणीच नाही. पाळतात सगळे. आपल्याकडे वैज्ञानिक दृष्टिकोनावर भाषण देऊन आलेला माणूस घरी येऊन रात्री नखं कापायची टाळतो, तसंच.

एक प्रसंग सांगतो. मिडलँड्समधला एक ट्रॅक, मार्चचा महिना, वारा असा की कान आहेत की गळाले ते चाचपून बघावं. दोन शर्यतींच्या मधला वेळ. आमचा पोस्ट चीफ सत्तरीचा, मूळचा इलेक्ट्रिशियन. त्याने टायरच्या भिंतीमागे उलट्या ठेवलेल्या क्रेटवर स्वच्छ रुमाल अंथरला. मधोमध पाय ठेवला. खिशातली सुरी काढली, पुसली. मग त्याने वर बघून आम्हा चौघांकडे एकेक नजर टाकली, ऑपरेशनची संमती घ्यावी तशी. कुणी बोललं नाही. झेंडेवाल्याने फक्त हातमोजे चढवले.

सुरी झाकणातून आत गेली, पारीचा तो कोरडा कर्र आवाज आला, आणि पुढच्या शर्यतीच्या गाड्या नुसत्या फॉर्मेशन लॅपला, म्हणजे शर्यत सुरू व्हायच्याही आधी, टायर गरम करत सावकाश समोरून जात असताना त्यातली एक गाडी कुणीही न ढकलता, स्वतःहून, अगदी सभ्यपणे फिरली आणि आमच्या पुढ्यातल्या खडीत जाऊन बसली. ड्रायव्हर उतरला. हेल्मेटची काच वर करून त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग क्रेटकडे. "सॉरी," तो म्हणाला, "तुमचं जेवण चाललं होतं का?"

पोस्ट चीफ रुमाल झाकत एवढंच म्हणाला, "अजून चारातला एकच भाग झालाय."

पण असं होतं कसं? काहीतरी कारण असेलच.

आहे, आणि फार साधं आहे. क्लबच्या शर्यतींच्या दिवशी पंधरा-वीस मिनिटांच्या शर्यती लागोपाठ असतात. जेवणाची सुटी वेळापत्रकात छापलेली असते. पण सकाळी काहीतरी लांबतं आणि पहिला बळी त्या सुटीचाच जातो. मग खायचं कधी? एक शर्यत संपून दुसरी सुरू होईपर्यंतच्या फटीत. म्हणजे पाय उघडतो तो नेमका पुढच्या शर्यतीच्या तोंडावर. आणि गाड्या एकमेकांना चिकटून पहिल्या वळणावर येतात, टायर आणि ब्रेक अजून पुरते तापलेले नसतात, डोकी मात्र तापलेली असतात, तो पहिला लॅप. गोंधळ व्हायची शक्यता तेव्हाच जास्त. पायने अपघात होत नाही. अपघात आणि पाय यांचं वेळापत्रक एक आहे.

दुसरं, ज्या दिवशी अख्खा पाय निर्विघ्न संपला त्या दिवसाची गोष्ट कुणी सांगत नाही. सांगणार तरी काय? "मी पाय खाल्ला आणि काही झालं नाही."

हे सगळं मी एकदा पोस्टवर समजावून सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. एकजण म्हणाला, "पटलं. आता तूच काप."

मी कापला नाही.

झेंडा हातात असताना खातात का?

छे. तिथे चेष्टा संपते. झेंड्यांच्या जागी दोघं एकमेकांसमोर उभे असतात. निळ्या झेंड्याचा (मागून वेगवान गाडी येतेय, ही त्याची खूण) माणूस येणाऱ्या गाड्यांकडे बघतो, पिवळ्याचा पुढच्या टापूकडे. त्यामुळे एकाची पाठ ही दुसऱ्याची जबाबदारी असते. गाड्या ट्रॅकवर असताना तोंडात घास घेऊन कुणी वळला तर त्याला पुढच्या चहापर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

उतारा आहे का?

आहेत, आणि त्यावर पोस्टागणिक मतभेद आहेत. पाय चारांत कापून पहिला भाग दुसऱ्या पोस्टच्या माणसाला द्यायचा, म्हणजे पीडा तिकडे जाते. हा उपाय खालच्या पोस्टवरच्यांना कळला तेव्हापासून ते आमच्याकडून बिस्किटसुद्धा घेत नाहीत.

दुसरा उतारा लोखंडाचा. कापण्याआधी आमचा पोस्ट चीफ कडेच्या लोखंडी कठड्यावर दोनदा बोट वाजवतो. मला ही त्याची लहर वाटायची. पुढे कळलं की स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर जुने कोळी होडीवर 'डुक्कर' हा शब्दच उच्चारत नसत, आणि चुकून कुणाच्या तोंडून गेलाच तर 'थंड लोखंड' म्हणत जवळच्या लोखंडाला हात लावत. चीफचा बाप-आजा कोळी नव्हता, त्याने समुद्रही सुटीतच पाहिलाय. पण डुकराला उतारा लोखंडाचा, हे त्याच्यापर्यंत कुठून तरी आलंच.

तिसरा उपाय आपोआप घडला. समुद्राकाठच्या एका ट्रॅकवर कठड्यावर ठेवलेला अख्खा पाय सीगलने उचलला. मोठा होता, त्याला पेलवेना, तरी नेला. त्या दुपारी आमच्या वळणावर एक चाकसुद्धा पांढरी रेषा ओलांडून गेलं नाही. इंग्रज मंडळी हळहळत बसली. मी मनात म्हटलं, कावळा शिवला, सुटलो.

मेल्टन मोब्रेचाच पाय लागतो का? दुकानातला साधा चालत नाही?

अपशकुनाला कुठलाही चालतो. चवीला मेल्टनचा.

मेल्टन मोब्रे हे लेस्टरशरमधलं बाजाराचं गाव. त्या भागात स्टिल्टन चीज बनतं. चीज करताना उरणारं पाणी डुकरांना पाजायचे, त्यामुळे डुकरं मुबलक. कोल्ह्यांच्या शिकारीला जाणारे घोडेस्वार खिशात पाय टाकून निघत, कारण जाड पारी खिशात फुटत नाही. १८३१ मध्ये एडवर्ड ॲडकॉक नावाच्या गृहस्थांनी इथले पाय घोडागाडीने लंडनला पाठवायला सुरुवात केली आणि गावाचं नाव झालं. अस्सल मेल्टन पाय साच्याविना भाजतात, म्हणून त्याच्या कडा पोट सुटल्यासारख्या बाहेर येतात. मांस खारवलेलं नसतं, त्यामुळे आतून तो गुलाबी नव्हे, करडा दिसतो. २००९ मध्ये युरोपीय संघाने त्याला भौगोलिक संरक्षण दिलं. आपल्या देवगड हापूसच्या मानांकनाची जी भानगड, तीच. दरवर्षी तिथल्या सेंट मेरीज चर्चमध्ये पायची राष्ट्रीय स्पर्धा भरते. चर्चच्या कमानींखाली टेबलांवर मांडलेले पाय आणि गंभीर चेहऱ्याचे परीक्षक.

आणि याच लेस्टरशरमध्ये डॉनिंग्टन पार्क आणि मॅलरी पार्क हे दोन ट्रॅक आहेत. म्हणजे सकाळी साडेसहाला पोस्टकडे निघालेल्या माणसाच्या पिशवीत पाय असणं यात गूढ काही नाही. कोल्हापुरातून निघालेल्याच्या डब्यात ठेचा असावा तसं ते. खिशात फुटत नाही, गार खायचा असतो, एका हाताने खाता येतो, पावसात भिजायला वेळ लावतो. घोडेस्वाराची जी गरज, तीच मार्शलची.

गाला पाय, सॉसेज रोल, पेस्टी यांना नियम लागू आहे का?

गाला पाय म्हणजे लांबट पोर्क पाय, ज्याच्या पोटातून उकडलेलं अंडं आरपार गेलेलं असतं. कुठेही कापा, चकतीत अंडं येतंच. याला नियम लागू आहे आणि अंड्यामुळे एक गाडी जास्त धरावी, असं बहुमत. सॉसेज रोलला लागू नाही, तो इतक्या पटकन संपतो की अपघाताला वेळच मिळत नाही. पेस्टीचं, म्हणजे सारण भरलेल्या मोठ्या भाजक्या करंजीचं, खातं वेगळं. कॉर्नवॉलचे मच्छीमार होडीवर पेस्टी नेणं अपशकुनी मानतात, असं सांगतात, पण ट्रॅकवर मात्र तिच्या नावावर काही नोंद नाही.

चोरीस पावाबद्दलही, म्हणजे पावात भरलेल्या गोव्याच्या डुकराच्या सॉसेजबद्दलही, विचारणा झाली आहे. स्विंडनमध्ये गोवेकरांची मोठी वस्ती आहे आणि कासल कूम्बचा ट्रॅक त्याच विल्टशर परगण्यात, त्यामुळे प्रश्न अगदीच हवेतला नाही. आमच्यातल्या एका गोवेकराने एकदा चोरीस पाव आणला होता. वासावर शेजारच्या दोन पोस्टवरचे लोक आले. अपघात झाला की नाही ते कुणाच्या लक्षात नाही.

मी शाकाहारी आहे. मला मार्शल होता येईल का?

का नाही? उलट तुम्हाला मान मिळेल. आमच्याकडे एक मुलगी घरची मेथीची पुरी आणि लिंबाचं लोणचं आणते. ती पोस्टवर असली की पोस्ट चीफ म्हणतो, "आज आपल्याला संरक्षण आहे." जे डुक्कर खात नाहीत त्यांच्यापुढे कुणी आग्रह करत नाही. उलट काही बिघडलं की संशयितांच्या यादीतून त्यांचं नाव आधी वगळलं जातं.

पाय सोडून इतर काय पाळतात?

"शांत आहे" म्हणायचं नाही. इथे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागातही तो शब्द वर्ज्य आहे. आपल्याकडे बाळाला "किती गुटगुटीत" म्हणताच आजी डोळे वटारते, जात तीच.

ड्रायव्हरांचं दुकान तर फारच जुनं. अमेरिकेतल्या रेसिंगमध्ये हिरवा रंग आणि शेंगदाणे दोन्ही अशुभ. गंमत म्हणजे ब्रिटिशांचा स्वतःचा रेसिंगचा रंगच हिरवा, १९०३ मध्ये आयर्लंडमध्ये झालेल्या गॉर्डन बेनेट शर्यतीपासूनचा. तेरा नंबर फॉर्म्युला वनमध्ये वर्षानुवर्षं कुणी घेत नसे. २०१४ मध्ये चालकांना कायमचा नंबर निवडायची मुभा मिळाली तेव्हा पास्तोर माल्दोनादोने तो हौसेने घेतला. माल्दोनादो किती वेळा कुठे कुठे धडकला हे आठवणाऱ्यांनी त्यावर काय ते म्हणावं.

आल्बेर्तो आस्कारी मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दोनदा जगज्जेता, आणि शकुन-अपशकुन फार मानणारा. आपलं फिकट निळं हेल्मेट सोडून दुसरं घालत नसे. २६ मे १९५५ रोजी मोंझात त्याने मित्राचं हेल्मेट मागून घेऊन सहज चार फेऱ्या मारू म्हणून गाडी काढली आणि गेला. वय ३६. त्याचे वडील आंतोनियो हेही शर्यतीतच गेले, २६ जुलै १९२५ला, तेही ३६व्या वर्षी. हा किस्सा पोस्टवर निघाला की पायवर बोलणारे गप्प होतात.

आयल ऑफ मॅनवर मोटरसायकलींच्या टीटी शर्यतींच्या वेळी जाल तर फेअरी ब्रिजवरून जाताना पऱ्यांना नमस्कार करा. आणि त्या बेटावर उंदराच्या मोठ्या भावाचं नाव काढू नका, 'लांबशेपट्या' म्हणतात. आपल्याकडे रात्री सापाला 'जनावर' म्हणतात ना, तसंच.

गंभीर अपघात झाला तरी पायला दोष देतात का?

नाही. कधीच नाही. हे लिहून ठेवण्यासारखं आहे, म्हणून लिहितो. २००० मध्ये मोंझाला आणि २००१ मध्ये मेलबर्नला तुटून उडालेल्या चाकाने मार्शलचा जीव घेतला. ती माणसंही आमच्यासारखीच सकाळी डबा घेऊन आलेली. ज्या दिवशी लाल झेंडा खराखुरा असतो, रेस्क्यूची गाडी समोर थांबलेली असते आणि हिरवे पडदे धरून उभं राहायला सांगतात, त्या दिवशी क्रेटवरचा पाय तसाच राहतो आणि संध्याकाळी कुणीतरी न बोलता कचऱ्यात टाकतो. गाडी रुतली, पत्रा वाकला, ड्रायव्हरचा अहंकार दुखावला, तेवढ्यापुरताच पायचा पायगुण.

'पोर्की' म्हणजे काय? वायरलेसवर ऐकलं.

पूर्व लंडनच्या कॉकनी बोलीत यमक जुळवून शब्द बदलतात. 'लाइज', म्हणजे थापा, याला यमक 'पोर्क पाइज'. त्याचं लाडाचं रूप 'पोर्की'. ट्रॅकवर हा शब्द रोज लागतो. पिवळा झेंडा हलत असताना कुणी ओव्हरटेक केलं की आम्ही लेखी अहवाल देतो, आणि मग अधिकाऱ्यांसमोर ड्रायव्हर शपथेवर सांगतो की झेंडा दिसलाच नाही, उन्हाची तिरीप होती, पुढची गाडी आपणहून थांबली. आमच्या चीफच्या मते जगातले सर्वांत मोठे पोर्क पाय मेल्टनला नाही, अधिकाऱ्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर भाजले जातात.

भारतात काय?

भारतातल्या ट्रॅकवर मी पोस्टवर उभा राहिलेलो नाही, त्यामुळे तिथल्या मार्शलांच्या डब्याबद्दल बोलत नाही. २०११ मध्ये ग्रेटर नोएडाच्या पहिल्यावहिल्या ग्रां प्रीच्या सरावात कुत्रं ट्रॅकवर आलं आणि लाल झेंडा दाखवावा लागला, हे मात्र जगाने पाहिलं. चीफला ते मी सांगितलं. त्याने विचारलं, "त्या कुत्र्याला कशाचा वास आला असेल?"

लिंबू-मिरचीबद्दलही बरेच जण विचारतात. रेसच्या गाडीला बांधली तर तपासणीतच काढायला लावतील, सुटा भाग म्हणून. मी एकदा कापडी लिंबू-मिरची पोस्टच्या खांबाला अडकवली होती. दिवसभर चौकशी झाली. संध्याकाळी चीफने विचारलं, ही पायवर चालते का. मी म्हटलं, बघायला हवं.

मग चालली का?

पुढच्या शनिवारी प्रयोग ठरला होता. मोठा पाय आणला, लिंबू-मिरची बांधली, लोखंडावर दोनदा बोट वाजवून झालं. चीफने सुरी काढली आणि पाऊस सुरू झाला. असा कोसळला की ट्रॅकवर पाणी तुंबलं आणि दुपारच्या उरलेल्या सगळ्या शर्यती रद्द झाल्या. ताडपत्रीखाली बसून आम्ही पाय संपवला. एकही गाडी ट्रॅकवर नव्हती, त्यामुळे एकही बाहेर गेली नाही. याची नोंद कुठल्या रकान्यात करायची, यावर पोस्टमध्ये दोन तट पडले आहेत.